विद्यापीठांची प्रतवारी : जबलपूर खंड

जबलपूर शहरात राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली सरकारी विद्यापीठे पाच आहेत. राणी दुर्गावती विद्यापीठ हे त्यांतले सर्वसाधारण. बाकीची चार विषयवार. जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ १९६४ पासून शेतीचे पाहते, नानाजी देशमुख पशुवैद्यक विज्ञान विद्यापीठ २००९ पासून गुराढोरांचे. मध्य प्रदेश आयुर्विज्ञान विद्यापीठाकडे राज्यभरातल्या डॉक्टरांच्या परीक्षा आहेत, आणि २०१८ मध्ये धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आले. बी.ए., गहू, गाय, ताप आणि खटला अशी माणसाच्या आयुष्यातली बहुतेक खाती एकाच गावात मिटली. त्यामुळे ‘सगळ्यात चांगले विद्यापीठ कोणते?’ असे जबलपुरात कोणी विचारले, तर उत्तराऐवजी ‘कशासाठी?’ असा उलट प्रश्न येतो. प्रतवारी करणाऱ्या संस्थांना हा प्रश्न सहसा सुचत नाही, कारण तो सुचला तर प्रतवारीच लागत नाही.

विद्यापीठांत डावे-उजवे करण्याचे काम काही राज्ये सरकारी पातळीवरच उरकून टाकतात. कॅलिफोर्नियाने १९६० साली क्लार्क कर यांच्या पुढाकाराने एक आराखडा केला. शाळेतून बाहेर पडणाऱ्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी एक विद्यापीठसमूह, वरच्या एक-तृतीयांशासाठी दुसरा, आणि उरलेल्यांसाठी दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे. तिथे पायऱ्या आधीच आखलेल्या. ज्याने त्याने आपली ओळखून चढायचे. मध्य प्रदेशाने १९७३ च्या विश्वविद्यालय अधिनियमात नेमके उलट केले. इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, रीवा, भोपाळ, जबलपूर या सगळ्यांना एकच कायदा आणि एकच कुलाधिपती. कायद्याने सगळे सारखे झाल्यावर वरचढ कोण हे ठरवायची जबाबदारी लोकांवर येऊन पडली, आणि लोकांनी ती मनापासून पार पाडली.

सर्वांत जुनी पद्धत वयाची. तिला खर्च नाही, समिती नाही, आणि एकदा पहिले आलेले विद्यापीठ सहसा दुसरे होत नाही. तरीही मध्य प्रदेशात या यादीत उलथापालथ झालेली आहे. राज्यातले पहिले विद्यापीठ सागरचे, डॉ. हरिसिंग गौर यांनी वकिलीची आयुष्यभराची कमाई ओतून १८ जुलै १९४६ रोजी ते उभे केले. जबलपूरचे १२ जून १९५६ चे, म्हणजे दहा वर्षांनी धाकटे. पण २००९ साली संसदेने कायदा करून सागरला केंद्रीय विद्यापीठ केले आणि राज्याच्या यादीतून ते वरच्या वर निघून गेले. खैरागढचे इंदिरा कला संगीत विद्यापीठही १९५६ चेच (ऑक्टोबरातले, म्हणजे तसेही चार महिने मागे). ते संसदेच्याच २००० सालच्या कायद्याने छत्तीसगडात गेले. उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाचे काम सुरू झाले ते मार्च १९५७ मध्ये. अशा रीतीने काही न करता जबलपूर राज्य विद्यापीठांत सर्वांत ज्येष्ठ ठरले. पहिला नंबर मिळवायचा तर इतरांना प्राध्यापक नेमावे लागतात. जबलपूरचे काम दोन कायद्यांत झाले, आणि तेही दिल्लीहून.

वयाची मोजदाद मात्र जपून करावी लागते, कारण कॉलेज जुने आणि विद्यापीठ नवे असा प्रकार इथे सर्रास आढळतो. रॉबर्टसन कॉलेज १८७३ मध्ये सागरहून जबलपुरात आले. ते आधी कलकत्ता विद्यापीठाला जोडलेले होते, मग अलाहाबादला, १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ निघाल्यावर नागपूरला, १९४६ नंतर सागरला आणि १९५६ नंतर जबलपूरला. गावाची वेस न ओलांडता पाच विद्यापीठांची पोरे पास करणारी संस्था देशात शोधावी लागेल. नागपूरने सागरला वेगळे काढले, सागरने जबलपूरला, आणि २०१९ मध्ये जबलपूरमधून छिंदवाडा वेगळे निघाले. घरातल्या वाटणीसारखेच हे चालते: धाकट्याकडे शेत जाते, थोरल्याकडे वाडा, कज्जे आणि जुनी भांडी उरतात. छिंदवाडा, शिवनी, बालाघाट गेले. कटनी, मंडला, दिंडोरी, नरसिंहपूर राहिले. सौंसर-पांढुर्ण्याकडच्या मराठी मुलांना आता जबलपूरचे काम पडत नाही, आणि मनाने तशी ती आधीही नागपुरातच असत. नव्या विद्यापीठाला नाव मिळाले राजा शंकर शाह यांचे. शंकर शाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथ शाह यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी तोफेच्या तोंडी दिले ते जबलपुरात. हुतात्मा जबलपूरचा, विद्यापीठ छिंदवाड्याचे. वाटणीत एवढे इकडेतिकडे व्हायचेच.

अभियांत्रिकीत तर नातेच उलटे झाले. जबलपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ चे. ज्या राजीव गांधी तंत्रज्ञान विद्यापीठाला ते पुढे जोडले गेले, ते भोपाळचे विद्यापीठ १९९८ चे. एकावन्न वर्षांनी थोरल्या कॉलेजच्या गुणपत्रिकेवर धाकट्याची सही येऊ लागली, आणि निकाल उशिरा लागला तर बोलायचे कोणाला हा प्रश्न निर्माण झाला.

दुसरी पद्धत नावाची. ही मराठी पाहुण्यांची खास आवडती. ग्वाल्हेरचे जिवाजी विद्यापीठ शिंद्यांचे, आणि शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. इंदूरचे देवी अहिल्या विद्यापीठ म्हणजे चौंडीची लेक. गुना इथे निघालेले नवे विद्यापीठ क्रांतिवीर तात्या टोप्यांच्या नावाचे, आणि तात्या येवल्याचे. महूचे सामाजिक शास्त्रांचे विद्यापीठ बाबासाहेबांचे. जन्म महूचाच असला तरी घराणे आंबडव्याचे. नानाजी देशमुख हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. एवढी बेरीज झाली की मध्य प्रदेशाचे उच्च शिक्षण महाराष्ट्रच चालवतो याबद्दल पाहुण्याची खात्री पटते आणि तो भेडाघाट पाहायला मोकळा होतो. या पद्धतीत राणी दुर्गावतीला जागा नाही, कारण ती चंदेलांची लेक आणि गोंडांची राणी. तिचे सासर-माहेर दोन्ही या यादीबाहेर पडते. नावाचा विषयाशी संबंध असावा असाही नियम नाही. नानाजींचा पिंड संघटनेचा आणि ग्रामविकासाचा, गुरांचे डॉक्टर ते कधी नव्हते. जबलपूर विद्यापीठाचे राणी दुर्गावती विद्यापीठ झाले १९८३ मध्ये, इंदूर विद्यापीठाचे देवी अहिल्या आणि भोपाळ विद्यापीठाचे बरकतउल्ला १९८८ मध्ये. नाव बदलल्यावर परीक्षा वेळेवर होऊ लागल्याची नोंद यांपैकी कुठेच सापडत नाही.

तिसरी पद्धत नॅकची. ही सरकारमान्य असल्याने तिच्याबद्दल जरा आदराने लिहावे लागते. बंगळूरची ही संस्था १९९४ ची. ती विद्यापीठांना ४ पैकी गुण देते आणि गुणांवर अक्षर चढवते. ३.५१ पासून ए-प्लस-प्लस, ३.२६ पासून ए-प्लस, ३.०१ पासून नुसता ए. मग बी-प्लस-प्लस, बी-प्लस, बी आणि सी. म्हणजे पास व्हायला सात दारे आणि नापासाला एकच, ते डी, तेही दीड किंवा त्याखाली गुण पडले तरच. इतकी मायाळू गुणपद्धती एकाही विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांना दिलेली नाही. त्यांना एटीकेटी दिली. बी-प्लस-प्लसमधला बी हळू उच्चारायचा आणि प्लस-प्लस मोठ्याने, हे जनसंपर्क विभागाला शिकवावे लागत नाही.

२०१७ पासून यातले सुमारे ७० टक्के मूल्यांकन आधी भरून पाठवलेल्या माहितीवर होते आणि उरलेले भेटीला येणाऱ्या समितीच्या हाती असते. हे उरलेले ३० टक्के विद्यापीठाच्या आयुष्यातला लग्नसराईचा काळ होय. आदल्या आठवड्यात रंगारी येतात. समिती ज्या बाजूने जाणार त्याच बाजूला रंग लागतो, कारण ठेकेदाराकडे समितीच्या मार्गाचा नकाशा असतो. नर्सरीतून कुंड्या भाड्याने येतात आणि समिती एका विभागातून दुसऱ्या विभागात चहाला गेली की मागच्या मागे टेम्पोतून पुढच्या विभागात पोचतात; एखाद्या चाणाक्ष सदस्याला तोच तुटका गुलाब तिसऱ्यांदा भेटतो आणि तो सौजन्याने ओळख दाखवत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी रातोरात सिमेंटचा उतार तयार होतो. तो इतका उभा असतो की धडधाकट प्राध्यापकही शेजारच्या पायऱ्यांनी जातात. ग्रंथालयाच्या रजिस्टरात पाच वर्षांच्या वाचकांच्या सह्या एकाच निळ्या पेनाने, एकाच वळणाच्या अक्षरात झालेल्या असतात.

या सगळ्यात सर्वांत कठीण फाइल ‘बेस्ट प्रॅक्टिसेस’ची. संस्थेच्या दोन उत्तम प्रथा लिहा, असा दंडक आहे. पहिली दुपारपर्यंत सापडते. दुसरीसाठी रात्री अकरापर्यंत बैठक चालते, समोसे दोनदा येतात, आणि शेवटी वृक्षारोपणावर एकमत होते. माजी विद्यार्थ्यांच्या भेटीला एक वकील, एक माजी नगरसेवक आणि सात-आठ कार्यालयीन बाबू बसवलेले असतात. यात खोटेपणा नाही, बाबू खरोखरच इथले माजी विद्यार्थी असतात. त्यांना पुढे कुठे जाता आले नाही हा मुद्दा समिती लिहून घेत नाही. शेवटच्या दिवशी निरोपाची बैठक होते. अध्यक्ष महोदय अध्यापनाबद्दल काही न बोलता परिसर हिरवागार असल्याचे सांगू लागले, की मागच्या रांगेतले जुने हेडक्लार्क शेजाऱ्याच्या कानात ‘बी’ म्हणतात. त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही, आणि ते ४ पैकी गुण काढत बसत नाहीत.

असे असले तरी वरची अक्षरे फुकट मिळतात असे नाही. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठाने ए-प्लस मिळवला, ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाने २०२३ मध्ये ए-प्लस-प्लस. मात्र १९७३ च्या त्याच अधिनियमात एक ५२ वे कलम आहे. विद्यापीठाचा कारभार बिघडला अशी सरकारची खात्री झाली, की या कलमाखाली कुलगुरू आणि कार्यपरिषद यांना बाजूला सारता येते. इंदूरला जून २०१९ मध्ये सामायिक प्रवेश परीक्षेचा गोंधळ झाला आणि कलम ५२ लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस ए-प्लस आला. ग्वाल्हेरला आधी ए-प्लस-प्लस आला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कलम ५२. राज्यातल्या दोन सर्वांत गुणवान विद्यापीठांना दोन्ही मान लाभले, फक्त क्रम वेगळा. यावरून दोन्ही मोजपट्ट्या एकाच वस्तूला लावलेल्या नसाव्यात असे अनुमान निघते. जबलपुरात बावन्न म्हटले की जुन्या लोकांना आधी तलाव आठवतात. शहरात बावन्न ताल होते असे सांगतात. अधारताल, रानीताल, मढाताल ही मोहल्ल्यांची नावे त्यांचीच. त्यांतले बरेचसे बुजवून वर इमारती झाल्या. कलम अजून बुजलेले नाही.

फेब्रुवारी २०२५ हा महिना एकूणच वाईट गेला. आंध्रातल्या एका अभिमत विद्यापीठाला वरची श्रेणी देण्यासाठी रोख रक्कम आणि लॅपटॉप घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या तपासणी पथकातल्या मंडळींनाच अटक केली. कुंड्यांवर भागत होते तो काळ बरा होता, असे त्यानंतर बऱ्याच रंगाऱ्यांना वाटले असेल.

चौथी पद्धत केंद्र सरकारच्या एनआयआरएफची. तिची पहिली यादी एप्रिल २०१६ मध्ये आली तेव्हा गट चार होते. २०२५ पर्यंत ते सतरा झाले. गट का वाढतात हे समजायला इंदूरच्या झाडूकडे पाहावे. स्वच्छतेत इंदूर २०१७ पासून ओळीने पहिले येत राहिले, तेव्हा २०२४-२५ च्या सर्वेक्षणात त्याला ‘सुपर स्वच्छ लीग’ नावाच्या वरच्या वर्गात सरकवण्यात आले. मग इतरांना पहिले यायची सोय झाली आणि दहा लाखांवरच्या शहरांत जबलपूर पाचवे आले. विद्यापीठांच्या यादीतही केंद्रीय संस्था आणि श्रीमंत खासगी मंडळी वरच्या जागा अडवून बसलेली. म्हणून २०२४ मध्ये ‘राज्य सार्वजनिक विद्यापीठे’ असा स्वतंत्र गट निघाला. त्यात चेन्नईचे अण्णा विद्यापीठ पहिले, कोलकात्याचे जादवपूर दुसरे आणि पुण्याचे सावित्रीबाई फुले विद्यापीठ तिसरे आले. पुढच्या वर्षी जादवपूर आणि अण्णा यांनी जागा बदलल्या, तिसरे चंडीगडचे पंजाब विद्यापीठ आले, आणि पुणे पहिल्या तिघांत दिसेना. वर्षभरात पुण्यात काय बिघडले हे पुण्याला मान्य नाही. पुण्याच्या मते बिघडली ती मोजपट्टी. २०२४ च्या या गटात पहिल्या दहांत मध्य प्रदेशाचे एकही विद्यापीठ नव्हते. त्यामुळे राज्यातला वाद देशात कितवे आलो यावर होत नाही, इंदूरच्या किती खाली आलो यावर होतो. भोपाळला राजधानी गेल्यापासून, म्हणजे १९५६ पासून, जबलपूरला या प्रकारच्या मोजणीची चांगली सवय आहे.

एनआयआरएफचे गुण शंभर. अध्यापन आणि साधनसामग्रीला ३०, संशोधनाला ३०, पदवीधरांचे पुढे काय झाले याला २०, समावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. पहिल्या तिसात नियमित शिक्षक मोजले जातात, आणि इथेच मध्य प्रदेशाची पंचाईत होते. इथले कितीतरी वर्ग अतिथी विद्वान चालवतात. महाराष्ट्रात ज्यांना तासिका तत्त्वावरचे म्हणतात तेच हे. सरकारने त्यांना ‘विद्वान’ ही पदवी देऊन टाकली, वेतनश्रेणी तेवढी राखून ठेवली. दहा-दहा वर्षे मुक्काम ठोकूनही ते अतिथीच राहतात, आणि यादी करणाऱ्यांच्या लेखी वर्ग रिकामाच दिसतो.

प्रतिमेच्या दहा गुणांसाठी इतर संस्थांतल्या प्राध्यापकांना आणि नोकऱ्या देणाऱ्यांना विचारतात. पशुवैद्यक विद्यापीठाची यात विशेष कुचंबणा होते. कान्हा, बांधवगड, पेंच ही जंगले जबलपूरहून काही तासांच्या अंतरावर असल्याने इथे वन्यजीवांचे आरोग्य आणि न्यायवैद्यक तपासणी शिकवणारी स्वतंत्र शाखा आहे. वाघ कशाने मेला हे सांगणारी माणसे इथे तयार होतात. वाघांचे मत घेण्याची तरतूद नाही. याच संस्थेने कडकनाथ आणि ‘जबलपूर कलर’ यांच्या संकरातून नर्मदानिधी नावाची परसातली कोंबडी काढली. ज्या बाईच्या अंगणात ती फिरते, तिला विद्यापीठाचे नाव ठाऊक असेलच असे नाही. त्यामुळे प्रतिमा शून्य, अंडी चालू.

पदवीधरांच्या वीस गुणांत काही गटांमध्ये एक कलम पगाराचे आहे. तिथे सरासरीऐवजी मध्यक धरतात, म्हणजे सगळे पगार उतरत्या क्रमाने लावून मधला घेतात. हा शहाणपणा कुठून आला असेल याचा विचार करताना जबलपूरकरांना आचार्य रजनीश आठवतात. त्यांनी बी.ए. केले ते जबलपूरच्या डी. एन. जैन कॉलेजात, एम.ए. सागरला, आणि १९६६ पर्यंत ते जबलपुरात तत्त्वज्ञान शिकवत होते. पुढे आश्रम पुण्यात निघाला आणि ९० हून अधिक रोल्स रॉइस ओरेगॉनमध्ये जमा झाल्या. सरासरी काढली असती तर त्या एका माणसाने तत्त्वज्ञान विभागाला देशात पहिले आणले असते. मध्यकाने ते टळले. शरद यादवांचेही असेच. ते जबलपूरच्या अभियांत्रिकी कॉलेजचे, विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष. १९७४ मध्ये सेठ गोविंददासांच्या निधनाने जबलपूरची जागा रिकामी झाली तेव्हा यादव तुरुंगात होते. तिथून ते पोटनिवडणूक लढले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी लोकसभेत पोचले. कॉलेजच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी प्लेसमेंट, पण ती जेलमधून झाल्याने कोणत्याच रकान्यात बसत नाही. व्यंगलेखक हरिशंकर परसाईंचा हिशोब तर दोन राज्यांत अडकलेला आहे: एम.ए. नागपूर विद्यापीठाचे, राहणे आणि लिहिणे जबलपूरचे, १९८२ चा साहित्य अकादमी पुरस्कार हिंदीचा. नागपूरला पदवीचा मान गेला. जबलपूरला माणूस मिळाला, आणि प्राध्यापकांची गय न करणारा तो माणूस १९९५ पर्यंत शेजारीच राहत असल्याने विद्यापीठाला फार आनंद झाला असे दिसत नाही.

यादीत न दिसणारी जबलपूरची सर्वांत मोठी कामगिरी पाहायची तर लातूर किंवा वाशिमला जावे लागते. जून महिना, मृग लागलेला. कृषी सेवा केंद्राच्या फळीवर कोपर टेकून शेतकरी विचारतो, “तीनशे पस्तीस हाय का?” दुकानदार म्हणतो, “आता फुले संगम न्या, तीनशे पस्तीस जुनं झालं.” शेतकरी फुले संगमची पिशवी उचलून वजनाचा अंदाज घेतो, खाली ठेवतो आणि पुन्हा तेच विचारतो. हे तीनशे पस्तीस म्हणजे जेएस-३३५. जेएस म्हणजे जवाहर सोयाबीन. वाण जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे, तयार झाले ते विद्यापीठाच्या सिहोर केंद्रात, प्रसारित झाले १९९४ मध्ये. विदर्भ-मराठवाड्यातली कापूस-ज्वारीची रानेच्या राने या एका वाणाने पालटून टाकली. ९३-०५ आणि ९५-६० हे त्याच घरचे पुढचे. २००८ मध्ये ग्वाल्हेरला दुसरे कृषी विद्यापीठ निघाले आणि सिहोरचे केंद्र तिकडे गेले, त्यामुळे या कामगिरीचे गुण आता कोणाच्या खात्यावर लिहायचे हाही घोळच आहे. संशोधनाला यादीत ३० गुण असले तरी शोधनिबंधांना किती जणांनी संदर्भ दिला यावर ते बऱ्याच अंशी मोजले जातात, आणि वाशिमच्या शेतकऱ्याने आजवर एकाही नियतकालिकात तळटीप दिलेली नाही. त्याची स्वतःची पद्धत आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मोजून मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचे, आठवड्याने उलगडायचे. सत्तर उगवले तर बियाणे पेरायचे, त्याखाली उगवले तर दुकानदाराशी भांडायचे. राहुरीचे फुले संगम आणि जबलपूरचे तीनशे पस्तीस यांची दरसाल इतकी सरळ तुलना दुसरीकडे कुठे होत नाही. तिला प्लस-प्लस नाही आणि तिच्यासाठी रंगही द्यावा लागत नाही.

घरगुती प्रतवारी याहूनही कडक असते. जबलपूरची मराठी घरे बहुतेक हायकोर्ट, रेल्वे आणि तोफगाडीच्या कारखान्याच्या आधाराने वाढली. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. या घरांत मुलाचा बायोडेटा तयार होतो तेव्हा पदवीपुढच्या कंसात विद्यापीठ येत नाही, गाव येते: एम.बी.ए. (पुणे), बी.ई. (इंदूर), एम.कॉम. (नागपूर). कंस मोकळा असेल तर मुलीकडची मंडळी जबलपूर असे समजून घेतात. ‘बी.व्ही.एस्सी. (जबलपूर)’ हा अपवाद. तिथे कंस ठळक टाइपात छापतात, कारण गुरांच्या डॉक्टरला सरकारी नोकरी लागायची आशा असते आणि मुलीच्या मामांना नॅकचे अक्षर विचारायचे सुचत नाही. वधूपित्यांचे ज्ञान या बाबतीत बरेच अद्ययावत असते. नर्सिंगच्या २०२०-२१ च्या तुकडीच्या परीक्षा कोर्टकचेऱ्यांत अशा लांबल्या की तीन वर्षे उलटली तरी मुली पहिल्या वर्षातच होत्या. त्या काळात ‘मुलगी नर्सिंगला आहे’ हे वाक्य वयाचा अंदाज येण्यासाठी निरुपयोगी झाले.

विद्यार्थी स्वतः मात्र यांपैकी कोणतीच यादी वाचत नाहीत. त्यांच्या लेखी जे विद्यापीठ पुढच्या प्रवेशाची शेवटची तारीख उलटण्याआधी निकाल लावते ते पहिले. जे फेरतपासणीचा अर्ज आणि निकाल दोन्ही एकाच वर्षात निकाली काढते ते दुसरे. तिसरा क्रमांक देण्याइतकी स्पर्धा राज्यात नाही.

ज्यांना अक्षर पाहूनच प्रवेश घ्यायचा आहे, त्यांनी अक्षराखालची तारीखही वाचावी. नॅकची श्रेणी पाच वर्षांसाठी असते; लागोपाठ वरची श्रेणी टिकवणाऱ्यांना ती सात वर्षे मिळते. मुदत संपल्यावर फाटकावरचा फलक उतरवण्याचे काम कोणाचे, हे विद्यापीठाच्या एकाही नियमात लिहिलेले नाही.